बाराव्यापर्यंत

नेरुळच्या सेक्टर अकरात, पतपेढीच्या डोक्यावर
आमचं रात्रीचं कॉलेज भरतं.
पंखा एक, बाकं चौदा,
खिडकीतून खाडीचा वास, ओहोटी असली तर जरा जास्तच.
सोळा वर्षं मी इथं ग्रीकांचं महाकाव्य शिकवते,
मराठीतून,
मूळ भाषेचं एक अक्षर येत नसताना.

दरवर्षी द्वंद्वापाशी माझा आवाज चढतो.
भाला, ढाल, तटाभोवतीच्या तीन फेऱ्या,
मग रथामागे फरफटणारं प्रेत.
पोरं मोबाइल पालथे ठेवतात.
फळ्यावर लिहिते : शौर्य. निष्ठा. कीर्ती.
खाली रेघ मारते.
रेघेवरचं परीक्षेत येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

यंदा पहिल्या बाकावर निराबाई कोळी,
वय त्रेपन्न, गाव दिवाळे.
बाजार उरकून, हात लिंबाच्या सालीनं घासून यायची.
तिनं रेघ उतरवून घेतली नाही.

मी पुढं गेले.
रात्री म्हातारा राजा वैऱ्याच्या तंबूत शिरतो,
ज्या हातांनी मुलगा मारला
त्याच हातांवर ओठ टेकवतो.
म्हणतो, माझं पोरगं मला दे.
तेव्हा मारणाराही रडतो,
दूर गावी एकट्या पडलेल्या आपल्या बापासाठी.
एका दिव्याखाली दोघांचं रडणं
आणि रडण्याची माणसं वेगळी.
मग तो म्हणतो, आता जेवून घे.

"ताट कोनी मांडलं?"

मी पुस्तक चाळलं. सोळा वर्षांत
हे कुणी विचारलं नव्हतं.
भाकरी सोबत्यानं ठेवली.
मेंढी त्यानं स्वतः कापली, मांस त्यानंच वाढलं.

"मंग तो खराच रडला असंल,"
निराबाई म्हणाली, आणि वहीकडे बघत बोलत राहिली.
"डोलीच्या खुंटांवरून आमचं वाकडं.
अकरा वरसं दोन घरांत बोलनं नाय.
माजा भाव पोशा बुरला,
दोन दिवसांनी घावला तो चांगा तांडेलाच्या जाळ्यात.
तो सोडून देता तं कोन बघत होता?
बापूस त्याच्या अंगनात गेला, टोपी हातात घेऊन.
चांगानं पोशाला धुतलं होतं.
नवीन धोतर घातलं होतं, त्याच्या सोताच्या पोराच्या लग्नाचं.
बायकोला उठू दिलं नाय. सोता भात वाढला,
सुक्या बोंबलाचं कालवन.
बापूस जेवला.
आये मरंतवर त्याला बोलली, पोर पुढ्यात नि तू जेवलास कसा."

पंखा फिरत होता.
मला काही तरी वाचायचं होतं म्हणून मी वाचलं :
किती दिवस हवेत, मारणारा विचारतो.
नऊ दिवस शोक, दहाव्याला अग्नी,
अकराव्याला मातीची समाधी,
बाराव्याला, लढायचंच असेल, तर लढू.

"बारावा! त्यांच्यातबी?"
ती एकदम हसली, ओळखीचं माणूस दिसल्यासारखी.
"चांगाच्या घरानंबी बाराव्यापर्यंत होडी घातली नाय.
तेराव्याला सकाळी
आमचे चार खुंट उपटलेले."
भरतीची वेळ सांगावी तसं सांगितलं तिनं.

मागच्या बाकावरून कुणी विचारलं, शहर कधी पडतं?
यात नाही पडत.
शेवटची ओळ वैऱ्याच्या मुलाच्या क्रियाकर्माची आहे.
"आनि वाढनारा?"
तोही मरतो. लवकरच. पण तेही यात नाही.
"नाय तं बरंच."

आता तिचा पेपर समोर आहे.
वीरत्वाची संकल्पना स्पष्ट करा, गुण दहा.
साडेचार ओळी. निष्ठाचा ठा चुकलेला.
शौर्य कुठंच नाही.
भात आहे, कालवण आहे,
आणि शेवटी, आधी लिहून खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं :
बापूस जेवला ते बरोबर होतं.

पामबीच रस्त्यावरून गाड्या सुसाट चालल्यात.
लाल पेनचं टोपण
मी अजून काढलेलं नाही.